रेडिओ-दुव्यांची पाळी : समकालनाच्या इतिहासातील एक प्रकरण

१

इसवी सन १९०६ च्या १ जानेवारीस भारतीय प्रमाणवेळ अमलात आली, तेव्हा मुंबईकरांनी ती सहजासहजी मान्य केली नाही. मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती, आणि महापालिकेने त्या जुन्या वेळेची संगत १९५५ पर्यंत सोडली नाही. जवळजवळ अर्धशतक एकाच शहरात दोन वेळा नांदत होत्या. हा प्रकार गैरसोयीचा होता, परंतु अशक्य नव्हता; कारण ३९ मिनिटांची बेरीज-वजाबाकी मनुष्य मनातल्या मनात करू शकतो. समोरच्याचे घड्याळ कोणत्या वेळेने चालते एवढे कळले की त्याचे काम भागते.

ज्या व्यवहाराचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे, त्यास ही सवलत नाही. दोन मनोऱ्यांवर, किंवा एक मनोरा व एक घराचे छप्पर यांवर, परस्परांकडे तोंड करून कायमचे बसविलेले अँटेना आणि त्यांच्यामधून रेडिओ-लहरींवर वाहणारे इंटरनेट, असे या व्यवहाराचे स्वरूप आहे. जेथे तार किंवा काचतंतू पोहोचत नाही, अगर पोहोचविणे परवडत नाही, तेथे असा रेडिओ-दुवा उभारतात. अशा दुव्यांची दाटी झाली म्हणजे त्यांच्या घड्याळांत मेळ असणे अत्यावश्यक होते, आणि तो मेळ सेकंदाच्या दशलक्षांशात, म्हणजे मायक्रोसेकंदात, मोजावा लागतो. या मेळास येथे ‘समकालन’ असे म्हटले आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, हा प्रश्न मुळात संभाषणाचा आहे. सॅक्स, शेग्लॉफ व जेफरसन या तिघांनी १९७४ साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकात संभाषणातील पाळीविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. माणसे बहुधा एका वेळी एकच बोलतात, आणि कोणी केव्हा बोलावे हे कोणत्याही बाह्य घड्याळाशिवाय परस्परांत ठरवितात, हे त्यांनी तपशिलाने दाखविले. पुढे २००९ मध्ये दहा भाषांच्या तुलनेवरून असेही दिसून आले की, एकाचे बोलणे संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांमधील अंतर सर्वसाधारणपणे सेकंदाच्या एकपंचमांशाच्या आसपास असते. ही पाळी माणसाने केव्हा साधली हे सांगता येत नाही. यंत्रांनी ती कशी साधली, हे मात्र वर्षवार सांगता येते. तो इतिहास पाहता एक गोष्ट स्पष्ट होते: समकालनाला ‘खरी’ वेळ लागत नाही, शेजाऱ्यांची सहमती लागते.

२

या इतिहासाचा आरंभ प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर होतो. हवाई विद्यापीठाच्या शाखा निरनिराळ्या बेटांवर विखुरलेल्या होत्या आणि मोठा संगणक ओआहू बेटावरील मानोआ येथे होता. दूरच्या वापरकर्त्यांना दूरध्वनीच्या तारांऐवजी रेडिओने या संगणकाशी जोडावे, या हेतूने नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी यांनी एक योजना आखली. ‘अलोहा’ या नावाने ओळखले जाणारे हे जाळे जून १९७१ मध्ये चालू झाले. मध्यवर्ती संगणकाच्या दाराशी बसून संदेशांची ने-आण करणाऱ्या यंत्रास त्यांनी ‘मेनेहुने’ हे नाव दिले. हवाईच्या लोककथांतील रात्रीत बांधकामे उरकणारे ठेंगू लोक ते मेनेहुने. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्याच सुमारास उभ्या राहिलेल्या ‘आर्पानेट’मधील तशाच यंत्रास ‘इम्प’, म्हणजे छोटे भूत, म्हणत असत. त्यावरील ही स्थानिक भाषेतील कोटी होती.

अलोहाची रीत फार साधी होती. केंद्राकडून वापरकर्त्यांकडे जाण्यास एक कंप्रता व वापरकर्त्यांकडून केंद्राकडे येण्यास दुसरी. पहिल्या कंप्रतेवर बोलणारा एकच, म्हणून तेथे तंटा नव्हता. दुसऱ्या कंप्रतेवर मात्र सर्वांचा सारखाच हक्क. ज्याला सांगावयाचे असेल त्याने आपला संदेश एका तुकड्यात, म्हणजे पॅकेटात, बांधून केव्हाही पाठवावा. पोच आली तर ठीक, न आली तर दुसऱ्या कोणाच्या पॅकेटाशी टक्कर झाली असे समजून थोड्या वेळाने पुन्हा पाठवावा. दोघांनी पुन्हा एकदमच बोलू नये यासाठी हा थोडा वेळ प्रत्येकाने यदृच्छेने ठरवावा. घड्याळ कोठेही नाही.

या स्वैर पद्धतीची किंमत अ‍ॅब्रॅमसन यांनीच गणिताने मांडली होती. वाहिनीच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त सुमारे १८.४ टक्केच उपयोगी पडते. उरलेली टकरींत आणि शांततेत जाते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ८० अक्षरांचे एक पूर्ण पॅकेट ९६०० बिट प्रतिसेकंद या वेगाने जाण्यास सुमारे ७३ सहस्रांश सेकंद लागत. ते चालू असताना दुसऱ्या कोणी बोलण्यास प्रारंभ केला तर टक्कर होणारच. पण त्याच्या आधीच्या ७३ सहस्रांश सेकंदांत कोणी प्रारंभ केला असला तरीही त्याची शेपटी याच्या डोक्यावर आदळणार. म्हणजे प्रत्येक पॅकेट आपल्या लांबीच्या दुप्पट काळ धोक्यात असे.

लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९७२ मध्ये यावर जो उपाय सुचविला तो एका वाक्यात सांगता येतो. काळाचे पॅकेटाएवढे समान खण पाडावे आणि खणाच्या आरंभीच बोलण्यास मुभा असावी. आता टक्कर व्हावयाची तर ती पूर्णच व्हावयाची, अर्धवट नव्हे. धोक्याचा काळ निम्मा होतो आणि उपयोगी क्षमता नेमकी दुप्पट, म्हणजे सुमारे ३६.८ टक्के, होते. या दुपटीसाठी नवी कंप्रता लागली नाही आणि अधिक शक्तीचे प्रेषकही लागले नाहीत. लागली ती फक्त खणांच्या सीमारेषांविषयीची सहमती. रॉबर्ट्स यांनी त्यासाठी एका मध्यवर्ती घड्याळाची कल्पना केली होती. परंतु ते घड्याळ ग्रिनिचशी जुळते की नाही, याच्याशी त्या सिद्धतेस काही कर्तव्य नव्हते.

३

अलोहामध्ये जाण्यायेण्याच्या कंप्रता निराळ्या होत्या. पुढे कंप्रतांची टंचाई जाणवू लागली, आणि एकाच कंप्रतेवर आळीपाळीने बोलण्याची व ऐकण्याची पद्धत रूढ झाली. इंटरनेटच्या वापरात घरी येणारा मजकूर घरून जाणाऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक असतो. आळीपाळीच्या पद्धतीत दोन्हींना हवा तसा कमीअधिक काळ देता येतो, हाही तिचा एक गुण. बोलण्याचा एक भाग व ऐकण्याचा एक भाग मिळून जो एक फेरा होतो, त्यास येथे ‘आवर्तन’ म्हटले आहे. हा शब्द आमच्याकडील कालव्यांच्या व्यवहारातून घेतला आहे. पाटाचे पाणी एकच आणि शेते अनेक, म्हणून आवर्तने ठरतात व पाणीपाळी लागते. येथे पाण्याच्या जागी कंप्रता आहे, एवढाच फरक.

परंतु या पद्धतीने एक नवा पेच निर्माण केला. एका मनोऱ्यावर चार दिशांना तोंड करून चार अँटेना आहेत असे समजा. दूरच्या घरून येणारी लहर मनोऱ्यापर्यंत पोहोचेतो इतकी क्षीण होते की, शेजारच्या अँटेनातून निघणारी लहर तिच्या कित्येक कोटी पटींनी बलवान असते. अँटेना कितीही एकाग्र असला तरी थोडी शक्ती बाजूंना सांडतेच. तेव्हा चारांपैकी एक जरी बोलत असेल, तरी त्याच वेळी ऐकू पाहणाऱ्या त्याच्या शेजाऱ्यास काही ऐकू येत नाही. यावर कंप्रता वेगळ्या करणे हा एक मार्ग. पण मनोरे वाढत गेले की त्या पुरत नाहीत. दुसरा मार्ग असा की, चौघांनी एकदम बोलावे आणि चौघांनी एकदम ऐकावे. हाच नियम नजरेच्या टप्प्यातील दुसऱ्या मनोऱ्यालाही लागू पडतो.

येथे प्रकाशाच्या वेगाचा हिशेब आडवा येतो. रेडिओ-लहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते. १५ किलोमीटरवरील घरापर्यंत पोहोचण्यास तिला ५० मायक्रोसेकंद आणि परत येण्यास तितकेच लागतात. म्हणून बोलणे संपल्यावर लगेच ऐकण्यास सुरुवात करून चालत नाही, मध्ये थोडी फट ठेवावी लागते; आणि जो दूर आहे त्याने आपला निरोप आधी सोडावा लागतो, म्हणजे सर्वांचे निरोप मनोऱ्यावर आपापल्या खणात पोहोचतात. १९९१ पासून वापरात आलेल्या जी.एस.एम. या भ्रमणध्वनीच्या पद्धतीत हा आगाऊपणा ६३ पायऱ्यांनी मोजला जाई, आणि त्यामुळेच तिच्या मनोऱ्याचा सामान्य पल्ला ३५ किलोमीटरवर थांबला. भ्रमणध्वनी हलता असल्याने हे माप सतत बदलावे लागते. स्थिर दुव्यास घर व मनोरा जागचे हलत नाहीत, म्हणून तेथे हे काम पुष्कळच सोपे आहे.

भारतात या तत्त्वाचा मोठा प्रयोग मद्रासच्या आय.आय.टी.मध्ये अशोक झुनझुनवाला व त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात केला. ‘कॉर्डेक्ट’ या नावाची ती पद्धत युरोपातील ‘डेक्ट’ या प्रमाणावर आधारलेली होती. डेक्टमध्ये १० सहस्रांश सेकंदांचे आवर्तन आणि त्यात २४ खण असतात; १२ एका दिशेने, १२ दुसऱ्या दिशेने. मूळ प्रमाण घरातल्या व कचेरीतल्या बिनतारी दूरध्वनीसाठी आखलेले होते, त्यामुळे त्यातील खणांमधील फट लहान होती आणि पल्ला सुमारे ५ किलोमीटरच्या पलीकडे जात नव्हता. अंतरामुळे होणाऱ्या विलंबाची भरपाई करण्याची युक्ती योजून मद्रासच्या मंडळींनी तो १० किलोमीटरपर्यंत नेला, आणि मध्ये एक पुनःप्रेषक ठेवून २५ किलोमीटरपर्यंत. ज्या देशात खेड्यापर्यंत तार नेणे हाच सर्वांत मोठा खर्च होता, तेथे काही मायक्रोसेकंदांचा हिशेब किती गावांचे भवितव्य ठरवू शकतो, हे यावरून लक्षात यावे.

निरनिराळ्या मनोऱ्यांमध्ये मेळ बसविण्याचा प्रश्न अमेरिकेत वेगळ्या रीतीने सुटला. २००२ च्या सुमारास मोटोरोला कंपनीने ‘कॅनोपी’ नावाची स्थिर बिनतारी इंटरनेटची साधने बाजारात आणली. तिच्यातील आवर्तन २.५ सहस्रांश सेकंदांचे होते, आणि प्रत्येक मनोऱ्यावर जी.पी.एस.चा एक ग्राहक बसवून त्याच्या दर सेकंदास येणाऱ्या स्पंदाने सर्व अँटेनांची आवर्तने एकदम सुरू करण्याची सोय होती. जी.पी.एस.ची निर्मिती मार्गदर्शनासाठी झाली, परंतु तिच्या प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असल्याने ती जगातील सर्वांत सुलभ घड्याळही ठरली. मनोऱ्या-मनोऱ्यांनी परस्परांशी बोलण्याची गरजच उरली नाही. सर्वांनी आकाशाकडे पाहावे आणि आपोआप एक व्हावे, अशी ही व्यवस्था. लहान लहान इंटरनेट-पुरवठादारांना तिने मोठाच आधार दिला.

४

याच काळात कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये एक अगदी वेगळा विचार चालू होता. तेथील ‘डिजिटल गंगेटिक प्लेन्स’ या प्रकल्पात कानपूर-लखनौ परिसरात घराघरांत वापरल्या जाणाऱ्या स्वस्त वाय-फाय यंत्रांना उंच मनोऱ्यांवरील जाळीदार अँटेना जोडून कित्येक किलोमीटरांचे दुवे उभारले होते. वाय-फायची मूळ रीत अलोहाच्या वंशातली आहे: आधी कानोसा घ्यावा, कोणी बोलत नसेल तर बोलावे, पोच आली नाही तर पुन्हा सांगावे. एका खोलीत ती उत्तम चालते. मनोऱ्यावर मात्र एक अँटेना बोलू लागला की शेजारचे तीन त्याचा आवाज ऐकून गप्प बसत, आणि चार दुव्यांपैकी एकाच वेळी एकच चाले.

भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००५ मध्ये ‘टू-पी’ नावाचा जो नियम मांडला तो यावरचा उपाय होता. (पुढे हे दोघेही मुंबईच्या आय.आय.टी.त अध्यापक झाले.) एका मनोऱ्यावरील सर्व दुव्यांनी एकदम बोलावे व एकदम ऐकावे, हे तत्त्व कॅनोपीसारखेच, परंतु येथे जी.पी.एस. नव्हते. बोलण्याचा आपला भाग संपल्यावर प्रत्येक मनोरा समोरच्याकडे एक खूण पाठवी. ती मिळाली की समोरच्याची पाळी. एकेरी रेल्वेमार्गावर गाडीचालकाच्या हाती टोकनाचा गोळा पडल्यावाचून गाडी पुढच्या स्थानकाकडे निघत नसे, त्याची येथे आठवण होते. फरक एवढाच की, हवेत खूण हरवू शकते. म्हणून ठरावीक काळ वाट पाहून ती न आली तरी पुढे जाण्याची मुभा ठेवली होती, आणि त्यातून बिघडलेला मेळ थोड्या वेळात आपोआप पुन्हा बसे.

या नियमातून एक सुंदर निष्कर्ष निघतो. एक मनोरा बोलत असताना त्याला जोडलेले सर्व मनोरे ऐकत असले पाहिजेत. म्हणून साऱ्या जाळ्यातील मनोऱ्यांचे दोन पक्ष पाडता आले पाहिजेत, आणि प्रत्येक दुवा या पक्षातून त्या पक्षात गेला पाहिजे. तीन मनोरे परस्परांना जोडून त्रिकोण केला तर त्यांपैकी दोघे नेहमी एकाच पक्षात येतात, आणि त्या दोघांमधील दुवा कायमचा मुका राहतो. म्हणजे घड्याळाचा प्रश्न येथे भूगोलाचा होतो: कोणत्या गावाचा मनोरा कोणत्या गावाला जोडावा, हे समकालनाच्या नियमावरून ठरते. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या मंडळींनी याच दिशेने पुढे जाऊन जे जाळे मांडले, त्याचा उपयोग तमिळनाडूत थेनी येथील अरविंद नेत्र रुग्णालयास झाला. खेड्यातील दृष्टिकेंद्रात बसलेल्या रुग्णाची रुग्णालयातील वैद्यांनी चित्रदुव्यावरून तपासणी करावी, ही सोय त्यातून झाली.

५

आकाशातील एका घड्याळावर विसंबणे आणि शेजाऱ्यांनी आपसांत ठरविणे, अशा या दोन परंपरा. पहिलीचा जय झाला, हे मान्य केले पाहिजे. चौथ्या व पाचव्या पिढीच्या भ्रमणध्वनीत आळीपाळीची पद्धत जेथे वापरतात, तेथे शेजारच्या मनोऱ्यांमधील तफावत ३ मायक्रोसेकंदांच्या आत असावी लागते. २०२३ मध्ये भारतात ‘एअरफायबर’ या नावाने जी स्थिर इंटरनेट-सेवा सुरू झाली, तिचा पाया हीच पाचवी पिढी होय. साध्या मनगटी क्वार्ट्‌झ घड्याळात एका सेकंदात वीसेक मायक्रोसेकंदांची चूक सहज होते. अब्जात एक इतकी अचूकता असणारे चांगले क्वार्ट्‌झसुद्धा २५ मिनिटांत दीड मायक्रोसेकंद भरकटू शकते. तेव्हा बाहेरच्या आधाराशिवाय हे चालत नाही.

त्या आधाराचे स्वरूप २६ जानेवारी २०१६ रोजी उघड झाले. एक जुना उपग्रह सेवेतून काढताना झालेल्या चुकीमुळे जी.पी.एस.च्या काही उपग्रहांनी कित्येक तास सदोष माहिती प्रसारित केली आणि जगभर दूरसंचाराच्या यंत्रणांत धोक्याचे इशारे वाजू लागले. चूक अवघी सुमारे १३ मायक्रोसेकंदांची होती. परंतु ती नेमकी कोठे होती, हे अधिक महत्त्वाचे आहे. जी.पी.एस.ची स्वतःची वेळ त्या दिवशी बिघडली नव्हती. ती आणि जागतिक समन्वित वेळ यांतील फरक सांगणारी जी संख्या उपग्रह पाठवितात, ती चुकली होती. ज्या ग्राहकयंत्रांनी जी.पी.एस.ची वेळ आहे तशी वापरली त्यांना काही झाले नाही. ज्यांनी तिचे रूपांतर करून ‘खरी’ नागरी वेळ काढली, ती भरकटली.

या प्रसंगाचा अर्थ माझ्या मते असा आहे. जगातील सर्व मनोरे १३ मायक्रोसेकंदांनी एकदम चुकले असते, तर त्यांच्यातील एकही दुवा तुटला नसता. धोका चुकीत नव्हता. काही चुकले आणि काही चुकले नाहीत, यात होता. मुंबईत सर्वांनीच स्थानिक वेळ पाळली असती, किंवा सर्वांनीच प्रमाणवेळ पाळली असती, तर कोणाचाच खोळंबा झाला नसता. अलोहाच्या खणांना ग्रिनिच लागत नव्हते, आणि कानपूरच्या मनोऱ्यांना कोणतेच घड्याळ लागत नव्हते. समकालनाच्या मुळाशी सत्य नव्हे तर संमती आहे, हे या इतिहासात वारंवार दिसते.

पर्यायांचा शोधही याच जाणिवेतून झाला आहे. २००२ मध्ये प्रमाणित झालेल्या व २००८ मध्ये सुधारलेल्या एका पद्धतीने तारेच्या किंवा काचतंतूच्या जाळ्यातून मायक्रोसेकंदापर्यंतची वेळ पोहोचविता येते. तिच्या हिशेबात जाण्यास व येण्यास सारखाच वेळ लागतो हे गृहीत धरलेले असते. मार्ग असमान निघाला की वेळही चुकते. भारताने ‘नाविक’ ही आपली उपग्रह-मालिका उभारली. तिच्या पहिल्या उपग्रहातील परदेशी बनावटीची तिन्ही अणुघड्याळे बंद पडली, आणि २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या उपग्रहात प्रथमच स्वदेशी अणुघड्याळ बसविले गेले. परावलंबन कमी करण्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु घड्याळ कोणाचेही असले तरी संमतीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

६

तो प्रश्न आज मनोऱ्याच्या पायथ्याशी उभा आहे. २०१८ मध्ये भारत सरकारने ५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचे विस्तीर्ण पट्टे परवान्यावाचून वापरण्यास मोकळे केले. परवान्याच्या पट्ट्यात नियामकास हुकूम करता येतो. मोकळा पट्टा मात्र गायरानासारखा आहे, तेथे कोणी कोणास सक्ती करू शकत नाही. एकाच इमारतीच्या छतावर दोन पुरवठादारांचे अँटेना असले आणि दोघांकडेही उत्तम जी.पी.एस. असले, तरी एकाने आवर्तन २.५ सहस्रांश सेकंदांचे व दुसऱ्याने ५ सहस्रांश सेकंदांचे धरले, किंवा बोलण्या-ऐकण्याचे प्रमाण निरनिराळे ठेवले, तर अचूक घड्याळे असूनही ते परस्परांचे कान बधिर करतील. घड्याळ आकाशातून मिळते. पाळी मात्र शेजाऱ्याशी बोलूनच ठरवावी लागते.

तंत्रविद्येचा इतिहास लिहिताना आपण उपकरणांच्या शोधांची नोंद घेतो, आणि ती वापरण्यासाठी झालेल्या करारांकडे दुर्लक्ष करतो. खण, आवर्तन, फट, खूण ही या इतिहासातील खरी पात्रे आहेत. आणि ती कोणत्याही धातूची बनलेली नाहीत, ठरावांची बनलेली आहेत. भाषेचेही असेच आहे. शब्दाचा अर्थ जसा बोलणाऱ्यांच्या संमतीवर उभा असतो, तसाच खणाचा आरंभही. म्हणून हा विषय केवळ अभियंत्यांवर सोपवून भाषा व समाज यांच्या अभ्यासकांनी स्वस्थ बसणे योग्य होणार नाही, एवढेच या निमित्ताने सुचवावयाचे आहे.